वीरांची नावे

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा हे गाव तेथील बालाजीच्या मंदिरामुळे साऱ्या विदर्भात व मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. आश्विन महिना उजाडला की ह्या गावाला यात्रेचे वेध लागतात. दूरदूरच्या खेड्यांतून माणसे येतात, रस्ते गजबजून जातात आणि दारोदारी झेंडूच्या फुलांची तोरणे झुलू लागतात. दसऱ्याच्या दिवशी शस्त्रांची पूजा होते, शमीचे पूजन होते आणि लोक आपट्याची पाने घेऊन एकमेकांना भेटतात. ह्या दिवशी गावाची वेस ओलांडून जाण्याची जी चाल आहे, तिला सीमोल्लंघन म्हणतात.

आज सीमोल्लंघन हा आनंदाचा उपचार आहे. परंतु पूर्वी त्याचा अर्थ फार गंभीर होता. पावसाळा सरला, नद्यांचे पूर ओसरले, शेतातील कामे हातावेगळी झाली, म्हणजे मराठ्यांच्या फौजा दसऱ्याच्या मुहूर्तावर मोहिमेला निघत. घरची सुवासिनी निघणाऱ्या वीराला ओवाळी आणि तो वेशीबाहेर पडे. गेलेला प्रत्येक जण परत येईच असे नव्हते. म्हणून ज्या समाजात सीमोल्लंघनाची चाल पडली, त्याच समाजात न परतलेल्यांचे स्मरण ठेवण्याच्या रीतीही निर्माण झाल्या.

देऊळगाव राजापासून थोड्याच अंतरावर सिंदखेड राजा आहे. तेथे १५९८ साली राजमाता जिजाबाईंचा जन्म झाला. जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव हे १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यावर दगाफटक्याने मारले गेले. त्यांची भव्य दगडी समाधी सिंदखेड राजा येथे आजही उभी आहे. राजे आणि सरदार ह्यांच्या समाध्या अशा भव्य असत, त्यांवर घडीव दगडांचे काम असे, आणि त्या कोणाच्या हे लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक राही. परंतु सरदाराबरोबर लढाईत पडणाऱ्या साध्या शिपायाचे काय? त्याच्या नावाने समाधी कोण बांधणार?

ह्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत, मंदिरांच्या आवारात किंवा वेशीजवळच्या झाडाखाली उभ्या असलेल्या काही जुन्या शिळा देतात. ह्या शिळांना वीरगळ असे म्हणतात. वीरगळावर एकाखाली एक असे तीन किंवा चार चौकोन कोरलेले असतात. सर्वांत खालच्या चौकोनात लढाईचे दृश्य असते. कोठे वीर गायींचे रक्षण करीत असतो, तर कोठे घोडेस्वाराशी झुंजत असतो. त्यावरच्या चौकोनात अप्सरा त्या वीराला स्वर्गात घेऊन जात असतात. सर्वांत वर तो वीर शिवलिंगाची पूजा करीत बसलेला दिसतो. शिळेच्या माथ्यावर बहुधा सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. आकाशात चंद्रसूर्य आहेत तोवर ह्या वीराची कीर्ती राहो, असा त्यांचा अर्थ.

वीरगळाची ही भाषा निरक्षर माणसालाही सहज वाचता येते. मात्र महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर वीराचे नाव कोरलेले नाही. ज्यांनी शिळा उभी केली त्यांना ते ठाऊक होते. कोरून ठेवण्याची त्यांना आवश्यकता वाटली नसावी. पुढे त्या पिढ्या गेल्या आणि नावही त्यांच्याबरोबर गेले. आता कित्येक गावांत लोक वीरगळाला शेंदूर लावून त्याची देव म्हणून पूजा करतात. परंतु तो कोणाचा, हे कोणालाच सांगता येत नाही. वीराचा पराक्रम राहिला, वीर मात्र विसरला गेला.

विसाव्या शतकात मराठी सैनिकांना जे सीमोल्लंघन करावे लागले, तसे पूर्वी कधीही घडले नव्हते. १९१४ साली युरोपात पहिले महायुद्ध सुरू झाले. त्या वेळी भारतावर इंग्रजांचे राज्य होते. त्यामुळे इंग्लंड युद्धात उतरताच भारतही आपोआप युद्धात ओढला गेला. ह्या युद्धात तेरा लाखांहून अधिक भारतीय सैनिक व कामगार सेवेत दाखल झाले. फ्रान्स, बेल्जियम, पूर्व आफ्रिका, इजिप्त, पॅलेस्टाइन, गॅलिपोली, मेसोपोटेमिया अशा अनेक रणांगणांवर ते गेले. त्यांपैकी सुमारे ७४,००० जण परत आले नाहीत.

मराठी सैनिकांचा सर्वांत मोठा वाटा मेसोपोटेमियाच्या मोहिमेत होता. आज आपण ज्या देशाला इराक म्हणतो, तोच हा प्रदेश. तेव्हा तो तुर्की साम्राज्यात मोडत असे. तेथे जी पहिली भारतीय फौज गेली, तिचे नावच ‘पुणे डिव्हिजन’ असे होते. तिच्यातील तीन तुकड्या पुणे, अहमदनगर आणि बेळगाव ह्या शहरांच्या नावांनी ओळखल्या जात. १९१४ साली दसरा होऊन गेला होता आणि दिवाळी जवळ आली होती, अशा वेळी पुण्याची तुकडी मुंबई बंदरातून जहाजांत बसून निघाली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. मागाहून गेलेल्या तुकड्यांत १०३ वी व ११० वी ह्या मराठा पलटणी होत्या. ह्या पलटणींत देशावरचे आणि कोकणातले मराठे होते, तसेच दख्खनचे मुसलमान शिपाईही होते. ज्वारीच्या आणि भाताच्या शेतांत वाढलेली ही माणसे समुद्र ओलांडून वाळवंटाच्या देशात उतरली.

आरंभी ह्या फौजेला यश मिळत गेले. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी तिने समुद्रकाठचे फाओ ठाणे घेतले आणि त्याच महिन्यात बसरा शहर जिंकले. नंतर टायग्रिस नदीच्या काठाने ती वर सरकत राहिली. परंतु नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे मोठी लढाई झाली. तीत फौजेची इतकी हानी झाली की, तिला माघार घ्यावी लागली. थकलेले व जखमी सैनिक कूत-अल-अमारा ह्या लहानशा गावात येऊन थांबले. हे गाव नदीच्या वळणात वसलेले असून त्याच्या तीन बाजूंना पाणी आहे. ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्की सैन्याने गावाला वेढा घातला आणि उरलेली चौथी वाटही बंद झाली.

हा वेढा १४७ दिवस चालला. बाहेरून मदतीस येणाऱ्या सैन्याने वेढा फोडण्याचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. त्या प्रयत्नांत सुमारे २३,००० सैनिक मृत वा जखमी झाले, तरी वाट मोकळी होईना. गावातील धान्य संपत आले. रोजचा शिधा घटवता घटवता मूठभर पिठावर आला. शेवटी तोफा ओढणारी खेचरे आणि स्वारांचे घोडे मारून खाण्याची पाळी आली. पुष्कळ भारतीय सैनिकांनी धर्माच्या विचाराने घोड्याचे मांस खाण्याचे प्रथम नाकारले. त्यामुळे ते अधिकच क्षीण झाले. ताज्या अन्नावाचून होणाऱ्या रोगाने त्यांचे हिरडे सुजले, पाय लटपटू लागले. विमानांतून पिठाची पोती टाकण्याचाही प्रयत्न झाला. परंतु हजारो माणसांना ते कसे पुरणार? अखेरीस २९ एप्रिल १९१६ रोजी कूतच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. सुमारे तेरा हजार लोक कैद झाले. त्यांना वाळवंटातून शेकडो मैल चालवीत नेण्यात आले. ऊन, तहान आणि आजार ह्यांनी त्यांतील हजारो माणसे वाटेवर किंवा कैदेत मरण पावली.

समोरासमोरच्या लढाईत पडणाऱ्या वीराचे चित्र वीरगळावर कोरता येते. परंतु पाच महिने उपाशीपोटी पहारा करणाऱ्या, भुकेलेल्या सोबत्याला आपल्या भाकरीतील तुकडा देणाऱ्या आणि शेवटी वाळवंटातील एका निनावी वाटेवर कोसळणाऱ्या शिपायाचे चित्र कोणत्या शिळेवर कोरावे? त्याचा त्याग लढाईत पडलेल्याच्या त्यागाहून उणा नव्हता.

युद्धाचा शेवट मात्र निराळा झाला. मार्च १९१७ मध्ये भारतीय व ब्रिटिश सैन्याने बगदाद घेतले. ऑक्टोबर १९१८ मध्ये शारकात येथे मेसोपोटेमियातील शेवटची मोठी लढाई झाली. तीत ११४ व्या मराठा पलटणीने असा पराक्रम केला की, ह्या एकाच लढाईबद्दल तिच्या सैनिकांना २८ शौर्यपदके मिळाली. ११७ व्या पलटणीच्या कामगिरीचा गौरव म्हणून तिला ‘रॉयल’ ही पदवी देण्यात आली. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी अकरा वाजता युरोपातील तोफाही थंडावल्या आणि पहिले महायुद्ध संपले.

युद्धानंतर गेलेल्यांची स्मारके उभारण्याचे काम सुरू झाले. ज्या गावांतून पुष्कळ माणसे सैन्यात गेली होती, त्या गावांत सरकारने लहान लहान दगडी पाट्या बसविल्या. ह्या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर अशा पाट्यांवर असे. महाराष्ट्रातील काही चावड्यांच्या व शाळांच्या भिंतींवर त्या अजून दिसतात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव तर सैनिकांचे गाव म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात ह्या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ तेथे स्मारक आहे. त्या गावातून सैन्यात जाण्याची परंपरा पुढेही चालू राहिली आणि लोक गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द जोडू लागले.

ह्या पाट्या गावाचा अभिमान वाढवितात, ह्यात संशय नाही. तथापि त्या बारकाईने वाचल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्यांवर संख्या आहे, नावे नाहीत. वीरगळावर नाव नव्हते, पण निदान वीराची आकृती तरी होती. पाटीवर केवळ अंक उरला. चार किंवा सहा असा तो अंक वाचणाऱ्याला लहान वाटतो. परंतु त्यातील प्रत्येक एकामागे एक घर होते, वाट पाहणारी आई होती, आणि धन्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली बैलजोडी होती.

अशीच गोष्ट परदेशातही घडली. युद्धात मेलेल्यांच्या कबरी व स्मारके ह्यांची व्यवस्था पाहण्यासाठी १९१७ साली एक आयोग स्थापन झाला होता. त्याचे एक उदात्त तत्त्व होते. सेनापती असो वा शिपाई, गोरा असो वा काळा, सर्वांची आठवण एकाच रीतीने ठेवावयाची. मृत्यूने ज्यांना समान केले, त्यांच्यात स्मारकाने भेद करावयाचा नाही. ज्यांची कबर सापडत नाही किंवा ज्यांच्या देहाचे दहन झाले आहे, त्यांची नावे मोठ्या स्मारकावर कोरावयाची, असेही ठरले होते. फ्रान्समध्ये न्यूव्ह-शापेल येथे १९२७ साली भारतीयांचे जे सुंदर स्मारक उभे राहिले, त्यावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे ह्या तत्त्वाप्रमाणे कोरलेली आहेत. तेथील उंच स्तंभाच्या शिरावर कमळ आहे आणि दोन्ही बाजूंना वाघांच्या आकृती आहेत.

परंतु इराकमधील बसरा येथे हे तत्त्व पाळले गेले नाही. तेथील स्मारक मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांची कबर ठाऊक नाही अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांचे आहे. त्यांतील बहुसंख्य भारतीय होते. १९२९ साली ते स्मारक खुले झाले, तेव्हा त्याच्या भिंतींवर गोऱ्या सैनिकांची नावे कोरलेली होती. भारतीय अधिकाऱ्यांचीही होती. साध्या भारतीय शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीचे नाव आणि पुढे एक संख्या एवढेच आले. कूतच्या वेढ्यात उपाशी राहून पहारा करणारा मराठी शिपाई त्या संख्येत मिसळून गेला.

ह्या अन्यायाची कबुली मिळण्यास फार काळ लागला. २०२१ साली त्याच आयोगाने जुन्या कागदपत्रांची चौकशी करवून घेतली आणि आशिया व आफ्रिका खंडांतील हजारो सैनिकांचे स्मरण समान रीतीने ठेवले गेले नाही, हे मान्य करून जाहीर क्षमा मागितली. तेव्हापासून राहिलेली नावे शोधण्याचे काम चालू झाले. शंभर वर्षांनंतर का होईना, संख्येतून पुन्हा माणूस शोधण्याचा हा प्रयत्न आहे. जुन्या चुका पुसून टाकता येत नाहीत. परंतु त्या मान्य करून दुरुस्त करता येतात, हेही ह्यावरून शिकावयास मिळते.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. ह्या वेळी पंचवीस लाखांहून अधिक भारतीय स्वखुशीने सैन्यात दाखल झाले. इतकी मोठी स्वयंसेवी सेना जगाच्या इतिहासात दुसरी झाली नाही. त्यांपैकी सुमारे ८७,००० जणांनी प्राण दिले. मराठा पलटणी आफ्रिकेत एरिट्रियातील केरेनच्या डोंगरावर लढल्या, ब्रह्मदेशाच्या सीमेवर लढल्या आणि इटलीतही लढल्या. इटलीतील रणांगणावर गाजलेली दोन मराठी नावे मात्र संख्येत हरवली नाहीत. त्या दोघांनाही त्या काळचे सर्वोच्च शौर्यपदक, व्हिक्टोरिया क्रॉस, मिळाले.

त्यांतील एक यशवंत घाडगे. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात त्यांचे गाव होते. पलटणीत ते नाईक होते. त्यांच्या हाताखाली थोडेसे सैनिक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची कंपनी शत्रूच्या बळकट ठाण्यावर चालून गेली. जवळूनच मशिनगनचा भडिमार सुरू झाला आणि क्षणार्धात घाडगे ह्यांच्याखेरीज त्यांच्या तुकडीतील सर्व जण मृत किंवा घायाळ झाले. अशा वेळी एकटा मनुष्य मागे फिरला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. घाडगे पुढे धावले. त्यांनी हातबॉम्ब फेकून ती मशिनगन बंद पाडली, एका शत्रूला गोळीने टिपले, आणि बंदुकीत नव्या गोळ्या भरण्यास वेळ नाही असे पाहून बंदुकीची नळी हातात धरून उरलेल्या दोघांवर ते तुटून पडले. ठाणे पडले, पण त्याच वेळी दडून बसलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी घाडगेही पडले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

दुसरे नामदेव जाधव. अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, निमज हे त्यांचे गाव. ते कंपनीचे निरोप पोहोचविणारे साधे शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना पलीकडच्या बांधावरून शत्रूच्या किमान तीन ठाण्यांनी त्यांच्यावर मारा केला. कंपनीचा नायक आणि दोन शिपाई जखमी झाले. जाधव ह्यांच्याखेरीज बाकीचे मारले गेले. जाधव ह्यांनी प्रथम शस्त्र चालविले नाही. त्यांनी एका जखमी सोबत्याला उचलले, खोल पाण्यातून व सुरुंग पेरलेल्या चढावरून त्याला सुरक्षित जागी पोहोचविले, आणि पुन्हा जाऊन दुसऱ्यालाही आणले. नंतर ते तिसऱ्यांदा त्या आगीत शिरले. पहिले ठाणे त्यांनी बंदुकीने बंद पाडले. हाताला गोळी लागल्यामुळे बंदूक चालविता येईना, तेव्हा ती टाकून त्यांनी हातबॉम्बनी आणखी दोन ठाणी उडविली. मग भोवती तोफगोळे फुटत असताना ते बांधाच्या माथ्यावर उभे राहिले आणि मराठ्यांची रणगर्जना करीत हात हालवून त्यांनी मागच्या सैन्याला नदीपार बोलाविले. ह्या लढाईतून ते जिवंत परतले आणि १९८४ साली पुण्यास वारले.

घाडगे ह्यांचा देह कोठे आहे, हे कोणालाच ठाऊक नाही; त्यांचे नाव इटलीतील कासिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे. त्यांच्या माणगावातही त्यांचे स्मारक आहे. आणि ज्या टायबरच्या खोऱ्यात ते पडले, तेथील मोंतोने गावाने २०२३ साली त्यांच्या नावाने एक छायाघड्याळ उभारले. आपण सर्व जण एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे वचन त्यावर आहे. वीरगळाच्या माथ्यावर कोकणातील वा वऱ्हाडातील पाथरवटाने जो सूर्य कोरला, तोच सूर्य इटलीतील त्या गावात एका मराठी शिपायाच्या नावावरून रोज आपली सावली फिरवीत असतो. परक्या गावातील लोकांनी एवढ्या वर्षांनी त्याची आठवण ठेवावी, ही गोष्ट मनाला हलवून जाते.

येथे एक शंका कोणाच्याही मनात येईल. हे सैनिक परक्या राज्यकर्त्यांच्या सैन्यात लढले. मग त्यांचे स्मरण स्वतंत्र भारताने का करावे? ही शंका खोटी नाही. पहिल्या महायुद्धात भारताने एवढे बलिदान केल्यावर स्वराज्याच्या दिशेने मोठे पाऊल पडेल, अशी देशातील पुष्कळ पुढाऱ्यांना आशा वाटत होती. त्याऐवजी १९१९ साली रौलट कायदा आला आणि १३ एप्रिल रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत निःशस्त्र लोकांवर गोळीबार झाला. सैन्यातही सर्वांना सारखा न्याय नव्हता. महार समाजातील तरुणांना सैन्याची दारे बंद करण्यात आली होती. युद्धाची निकड भासताच १९१७ साली त्यांची १११ वी पलटण उभारली गेली आणि गरज सरताच १९२१ साली ती मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा कोठे तो अन्याय दूर झाला. त्याच युद्धात शत्रूच्या हाती सापडलेल्या हजारो भारतीय सैनिकांनी नेताजी सुभाषचंद्र बोस ह्यांच्या आझाद हिंद सेनेत जाऊन देशाच्या स्वातंत्र्यासाठी शस्त्र धरले. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले हे त्या सेनेतील एक प्रमुख सेनानी होते.

तेव्हा युद्ध कोणाचे होते, हा प्रश्न एक आणि त्यात पडलेला मनुष्य कोण होता, हा प्रश्न दुसरा. युद्ध सुरू करण्याचा निर्णय कूतच्या शिपायाने घेतला नव्हता. कोणी घरच्या गरिबीमुळे सैन्यात गेला, कोणी वडिलांच्या व आजोबांच्या परंपरेमुळे, तर कोणी आपल्या समाजाला मान मिळावा म्हणून. परंतु एकदा पलटणीत दाखल झाल्यावर त्याने आपल्या सोबत्यांना दिलेला शब्द मोडला नाही. त्याचे स्मरण करणे म्हणजे साम्राज्याचा गौरव करणे नव्हे, किंवा युद्धाची थोरवी गाणेही नव्हे. उलट, एवढी माणसे पुन्हा मरू नयेत, असे वाटावयास लावणारे ते स्मरण आहे.

ह्या स्मरणाची स्थळे आज अनेक आहेत. पुण्याजवळ खडकी येथील युद्धस्मशानभूमीत सारख्या आकाराच्या शुभ्र शिळांच्या रांगा आहेत. तेथे भारतीयांबरोबर दूर आफ्रिकेतून आलेल्या सैनिकांचीही नावे आढळतात. मुंबईत समुद्रात बुडालेल्या खलाशांचे स्मारक आहे. ज्यांना समुद्रावाचून दुसरी कबरच नाही, अशांची नावे तेथे लिहिली आहेत. दिल्लीतील इंडिया गेट १९३१ साली पुरे झाले. त्या बेचाळीस मीटर उंच कमानीवर तेरा हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. स्वतंत्र भारतासाठी प्राण देणाऱ्या सैनिकांचे राष्ट्रीय स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याच्या जवळच उभे राहिले. तेथे नुसती संख्या नाही. प्रत्येक वीराचे नाव वेगळ्या दगडावर कोरले आहे. नाव नसलेल्या वीरगळापासून निघालेला हा प्रवास नाव कोरलेल्या दगडापर्यंत असा येऊन पोहोचला.

परंतु दगड बोलत नाही. त्यावरचे नाव कोणी तरी वाचावे लागते. बुलढाणा जिल्ह्यालाही ह्या स्मरणाची ओळख आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये काश्मिरात पुलवामा येथे जे जवान हुतात्मा झाले, त्यांत ह्या जिल्ह्यातील दोघे होते. त्यांना निरोप देण्यासाठी गावोगावचे लोक लोटले होते. शंभर वर्षांपूर्वी मेसोपोटेमियात पडलेल्या शिपायाला असा निरोप मिळाला नाही. त्याच्या घरी महिन्यामहिन्यांनी एक कागद आला, कोणी तरी तो वाचून दाखविला, आणि पुढच्या दसऱ्याला त्या घराच्या दारावर तोरण लागले नाही.

म्हणून स्मरणाचे काम मोठ्या स्मारकांवर सोडून देऊन भागत नाही. जुन्या चावडीच्या भिंतीवर अशी पाटी असेल, तर तिच्यावरील चुन्याचे थर काढून ती स्वच्छ करता येते. गावातील वृद्ध माणसांना विचारून, घरोघरी जपून ठेवलेली पदके व कागद पाहून, त्या संख्येमागची नावे शोधता येतात आणि शाळेच्या वहीत लिहून ठेवता येतात. वेशीजवळ वीरगळ पडलेला असेल, तर तो उचलून नीट उभा करता येतो. दरवर्षी ७ डिसेंबरला येणाऱ्या सशस्त्र सेना ध्वजदिनी सैनिकांच्या कुटुंबांसाठी यथाशक्ती मदत देता येते. ही कामे लहान दिसतात; परंतु गावाची स्मृती अशाच कामांनी जिवंत राहते.

युरोपात महायुद्धातील मृतांच्या स्मरणार्थ तांबडी खसखशीची फुले छातीवर लावतात. कारण तेथील रणभूमीवर ती फुले आपोआप उगवत असत. भारतात ह्या स्मरणासाठी अलीकडे झेंडूचे फूल निवडले गेले आहे. देऊळगाव राजात, आणि महाराष्ट्रातील प्रत्येक गावात, दसऱ्याला ह्याच फुलांचे तोरण दारावर लागते. ते बांधताना एखादे फूल वेशीजवळच्या वीरगळापुढे किंवा चावडीतल्या त्या जुन्या पाटीपुढे ठेवले, तर फारसे काही वेचावे लागत नाही. मात्र ज्यांनी सीमोल्लंघन केले आणि जे परत आले नाहीत, त्यांना गाव विसरले नाही, एवढे त्यावरून खचित कळते.